शेरीफ म्हणजे नगरपाल, फौजदार की मामलेदार?

प्रश्न :
पॅट गॅरेटवर मराठीत लेख लिहिते आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या लिंकन काउंटीचा (जिल्ह्यासारख्या विभागाचा) हा शेरीफ. नोव्हेंबर १८८० मध्ये निवडून आला आणि १४ जुलै १८८१ च्या रात्री त्याने कुख्यात बंदूकबाज बिली द किडला गोळी घातली. ‘काउंटी’ तशीच ठेवली, पण ‘शेरीफ’पाशी अडले. ‘नगरपाल’ चालेल का?

– ताई, नगरपाल नको. मुंबईचे नगरपाल म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो हारतुरे आणि पाहुण्यांचं स्वागत करणारा प्रतिष्ठित माणूस. शिवाय लिंकनमध्ये नगर होतं कुठे? एका रस्त्याचं गाव ते. मी ‘फौजदार’ लिहिलं असतं. तालुक्याच्या गावात वाढलेल्या कुणालाही लगेच कळेल.

– फौजदार म्हणजे अर्धाच शेरीफ. त्या मुलखात करवसुलीही शेरीफकडेच असे. २८ एप्रिल १८८१ ला बिली लिंकनच्या कोर्टाच्या इमारतीतून दोन पहारेकऱ्यांना ठार करून पळाला, तेव्हा गॅरेट कुठे होता? व्हाइट ओक्सला, कर गोळा करायला! हे तर पेशवाईतल्या मामलेदाराचं काम झालं, वसुली आणि बंदोबस्त एकाच हाती. मूळ शब्दही तेच सांगतो : ‘शायर’ म्हणजे परगणा, ‘रीव्ह’ म्हणजे राजाचा कारभारी. दोन्ही मिळून शेरीफ.

– पण काका, मामलेदाराला कधी मतं मागावी लागली? वरून नेमणूक आणि वरूनच बदली. गॅरेट मतांवर आला होता. ‘मामलेदार’ लिहिलंत तर नेमकं तेच हरवेल. हाताखालच्या डेप्युटींना मात्र ‘नायब’ म्हणा, चपखल बसतं.

प्रश्नकर्ती :
‘नायब’ घेतलाच. आता घरचा प्रश्न. आपल्याकडे मामलेदाराची बायको मामलेदारीणबाई. मग गॅरेटची अपोलिनारिया गुतिएरेझ शेरीफीणबाई का? १८८० च्या जानेवारीत लग्न झालं, पुढे घर मुलांनी भरलं. त्यांतली एलिझाबेथ दृष्टिहीन होती. न्यू मेक्सिकोचं राज्यगीत तिनेच रचलं, १९१७ मध्ये ते स्वीकारलं गेलं. शेरीफाच्या लेकीची एवढी हकिकत मला बापाच्या बंदुकीपेक्षा मोलाची वाटते.

– शेरीफीणबाई नको, विनोदी लेख वाटेल. गंमत म्हणजे अपोलिनारियाच्या स्पॅनिशमध्ये शेरीफला ‘अल्ग्वासिल’ म्हणतात. तो शब्द अरबी ‘अल-वझीर’वरून आलेला. म्हणजे आपला बुद्धिबळातला वजीर! अरबीतून एक वाट स्पेनमार्गे न्यू मेक्सिकोला गेली, दुसरी फारसीतून आपल्याकडे आली.

– वा! पण म्हणून ‘वजीर’ लिहू नका.

प्रश्नकर्ती :
नाही लिहीत. ‘शेरीफ’च ठेवते. पहिल्या उल्लेखात ‘लोकांनी निवडलेला, फौजदारी आणि करवसुली दोन्ही पाहणारा काउंटीचा अधिकारी’ असं उलगडते. एकच विचारायचं राहिलं, ‘शेरीफने’ की ‘शेरीफाने’?

– आपण पोलिसाने, मास्तराने म्हणतोच की. तसंच ‘शेरीफाने’. तुम्ही स्वतः वर ‘शेरीफाच्या लेकीची’ लिहून मोकळ्या झालात, कान बरोबर सांगतोय. फक्त मुद्रितं नीट तपासा, ‘शेरीफ’चा ‘शरीफ’ होऊ देऊ नका. दोन्हींचा काडीचा संबंध नाही, आणि जुगार नि कर्जं पाहता गॅरेटला तो शब्द जरा सैलच होईल.