निसर्गनियम मनाच्या आधीचे, की मनाने घडवलेले?

मूळ प्रश्न (हिंगोली)
आमच्या जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशच किंचित ताणत-आकसत पसरणाऱ्या लहरी, टिपणारी वेधशाळा होत आहे. तिच्या भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांब असतील आणि त्यांच्या लांबीतला प्रोटॉनच्या व्यासाहून कितीतरी सूक्ष्म असा फरकही ती टिपेल. हे वर्गात सांगत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मोजायला कुणीच नसते, तर नियम असता का?" माझे उत्तर ठाम आहे: असता. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत टिपलेली पहिली लहर दोन कृष्णविवरांच्या मीलनातून सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी निघाली, तेव्हा पृथ्वीवर मेंदू असलेला एकही जीव नव्हता. तरीही ती आइन्स्टाइनच्या १९१५ च्या समीकरणांबरहुकूम निघाली.

प्रतिसाद (अंबाजोगाई)
सर, लहर होती हे मान्य. नियम होता, हे नाही. बुधाची कक्षा शतकाला ४३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जास्त सरकते, हे न्यूटनच्या नियमात बसेना, आइन्स्टाइनच्या सिद्धांतात बसले. बुध आपल्या वाटेने पूर्वीसारखाच फिरत राहिला, बदलला तो आपला नियम.

मला त्याहून अधिक छळतो तो मनाचा प्रश्न. मी लहानपणापासून कापूस वेचला आहे. बोंडाचे वाळलेले टोक नखाच्या कडेत घुसते, तेव्हा मज्जातंतूंतून जाणाऱ्या संदेशाचा वेग मोजता येतो, त्यातले सोडियमचे आयनही मोजता येतात. पण मस्तकात जाते ती कळ कोणत्या समीकरणात आहे? वास्तविक जिच्या असण्याविषयी मला तिळमात्र शंका नाही, अशी गोष्ट तीच.

मूळ प्रश्नकर्ता
नियम आपल्याच मनाचा असता, तर बुधाने आपल्याला खोटे पाडले कसे? आपण चुकू शकतो, याचा अर्थच असा की आपल्याबाहेर काहीतरी ठरलेले आहे.

कळेबद्दल सांगायचे, तर युरियासारखे पदार्थ सजीवांच्या शरीरातच बनतात असे पूर्वी मानत. १८२८ मध्ये व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो प्रयोगशाळेत बनवला. कळही तशीच एक दिवस नियमांत बसेल. शिवाय मला स्वतःला शस्त्रक्रियेसाठी भूल दिली, तेव्हा मी दहापासून उलटे अंक मोजत होतो. सात आठवतो, त्यापुढचा दीड तास माझ्यापुरता घडलाच नाही. शिरेतून गेलेले थोडेसे औषध ज्याला पुसून टाकते, ते मन नियमांबाहेरचे कसे?

प्रतिसाद (अंबाजोगाई)
भुलेवरून मन मेंदूवर अवलंबून आहे एवढेच ठरते, मन म्हणजे मेंदूच हे ठरत नाही. व्होलरचा युरिया बशीत ठेवून शरीरातल्या युरियाशी ताडून पाहता आला. माझी कळ तुमच्यासमोर कोणत्या बशीत ठेवू? ती आपल्या भौतिकशास्त्राच्या ४३ विकला आहे, असे मला वाटते.

प्रतिसाद (नांदेड)
दोघांनाही एक आठवण करून द्यावीशी वाटते. त्या विकलांचा हिशेब लागेना, म्हणून लव्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १८५९ मध्ये बुधाच्या आत आणखी एक ग्रह असावा असे मांडले. त्याला 'व्हल्कन' हे नावही मिळाले, आपण तो पाहिल्याचे काहींनी सांगितलेही. पण तसा ग्रह नव्हताच. मनाचे वेगळे द्रव्य कल्पिणे हा तसाच व्हल्कन ठरेल.

प्रतिसाद (अंबाजोगाई)
वेगळे द्रव्य मी मागतच नाही. व्हल्कन नव्हता, पण विकला होत्या. आणि त्या कुणी हिशेबातून वगळल्या नाहीत, म्हणूनच नवा सिद्धांत त्यांच्यावर पारखता आला. कळही तशीच हिशेबात धरावी, एवढेच माझे म्हणणे आहे.