निकाल नीसपर्यंत लांबू शकतो
२०२४ च्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा निकाल आधी येणाऱ्या पिरेनीज पर्वतातल्या टप्प्यांमध्येच लागेल, हे मत मला पटत नाही. ऑलिम्पिकमुळे यंदा शर्यत पॅरिसऐवजी नीसमध्ये संपणार असून शेवटच्या दिवशी मोनॅकोहून नीसपर्यंत सुमारे ३४ किलोमीटरची टाइम ट्रायल, म्हणजे प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध धावायची शर्यत, आहे. १९८९ मध्ये अशाच अखेरच्या टप्प्यात ५० सेकंदांनी मागे असलेल्या ग्रेग लेमाँडने आघाडीवरच्या फिन्योंवर अवघ्या ८ सेकंदांनी मात केली होती. यंदा नीसच्या टाइम ट्रायलआधी १९ व्या टप्प्यात आल्प्समधला २,८०२ मीटर उंचीवरचा बोनेतचा रस्ता आहे, जिथे पायांआधी दम संपतो. मे महिन्यात जिरो ही इटलीतली शर्यत जिंकून आलेला सायकलपटू पोगाचार माझ्या मते सरस आहे, मात्र त्या तीन आठवड्यांचा शीण अंगात किती उरला आहे, हे आल्प्समध्येच कळेल. एप्रिलमधल्या अपघातात फुप्फुसाला इजा झालेल्या त्याच्या प्रतिस्पर्धी विंगेगार्डला सरावासाठी मिळालेला वेळ मला अपुरा वाटतो.