घरच्या आठवणी लिहायच्या आहेत, ज्यू लेखकांची पुस्तकं सुचवा

सायली_वाई
इस्रायली लेखक अमोस ओझ यांचं आठवणींचं पुस्तक 'अ टेल ऑफ लव्ह अँड डार्कनेस' काल संपलं. तेल अवीवच्या नातेवाइकांना फोन करायचा तर आधी पत्राने दिवस-वेळ ठरवायची, मग आईवडील आणि लहानगा अमोस औषधाच्या दुकानात जाणार, आणि फोन लागल्यावर बोलणं काय, तर "कसं काय? बरं आहे." आमच्याकडचे ट्रंककॉल आठवले आणि रडूच आलं.

मी आजीविषयी लिहितेय. चाळीसेक पानं झाली, पण धाकट्या काकांपाशी अडले. घरात त्यांचं नावही कुणी काढत नाही. घराबद्दल असं लिहिणारे आणखी कोण आहेत?

पानगळ
नातालिया गिन्झबर्ग, 'फॅमिली लेक्सिकन'. डोळे झाकून घ्या. मूळ इटालियन, १९६३ चं. तुरिनमधलं घर, ज्यू प्राध्यापक वडील. जेवताना कुणी पावाने ताट पुसलं की त्यांचा आवाज चढलाच! त्यांचे ठरलेले शब्द, आईची पालुपदं, यांवरच अख्खं पुस्तक उभं आहे. नातालिया म्हणते, अंधाऱ्या गुहेतसुद्धा त्यातल्या एका वाक्यावरून आम्ही भावंडं एकमेकांना ओळखू. आणि नवरा लिओने १९४४ मध्ये रोमच्या तुरुंगात छळाने गेला, ते मोजक्या ओळींत सांगून पुढे जाते. तुमच्या काकांसाठी ती पानं नक्की वाचा. लिहिण्याविषयी हवं असेल तर तिचे 'द लिटल व्हर्च्यूज'मधले निबंध.

रेवदंडेकर
मी आधी एस्थर डेव्हिड सुचवेन. अहमदाबादच्या, पण बेने इस्रायल ज्यू, म्हणजे मुळं आपल्या कोकणातली. 'बुक ऑफ रेचेल' कादंबरी आहे, अलिबागजवळच्या दांड्याला एकट्या उरलेल्या बाईची. प्रत्येक प्रकरणाआधी एक पाककृती. आजीवर लिहिताय ना, मग तिच्या हातचं काय काय होतं ते आधी उतरवून काढा.

मुक्ता_७२
सायली, घाई करू नकोस. ओझ १२ वर्षांचे असताना, १९५२ मध्ये, आईने आत्महत्या केली. त्यानंतर बापलेक तिच्याविषयी एकदाही बोलले नाहीत. पुस्तक आलं २००२ मध्ये. काकांची पानं कोरी राहू देत, बाकीचं लिही.

सायली_वाई
मुक्ताताई, हे वाचून धीर आला. गिन्झबर्ग मागवलं. पानगळ, तुमचं वाचून आईला फोन केला, आजीचे शब्द विचारायला. 'उंडगी', 'आगाऊपणा' एवढं सांगून ती थांबली. मग आपणहून म्हणाली, "धाकट्याला ती 'राजस' म्हणायची." मी पुढे काही विचारलं नाही. वहीत लिहून ठेवलंय.