बोटीचं इंजिन हिवाळ्यासाठी बंद करतोय, ब्लॉकच्या एका बाजूने पाणीच येत नाही – मदत हवी आहे

मंडळी, जरा घाईत आहे. परवा रात्री पारा शून्याखाली सहा-सात अंश जाईल असा अंदाज आहे आणि बोट ट्रेलरवर उघड्यावर उभी आहे. व्ही-८ इनबोर्ड इंजिन. थंड ठेवायला बाहेरचंच पाणी थेट ब्लॉकमधून, म्हणजे इंजिनच्या मुख्य बिडाच्या सांगाड्यातून फिरतं, कूलंटचं वेगळं बंद सर्किट नाही. इतकी वर्षं हे काम मेकॅनिक करायचा, यंदा स्वतः हात घातला आणि अडकलो.

पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर टाकून, नळाचं पाणी जोडून इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवलं. गरम असतानाच ऑइल आणि फिल्टर बदलला. मग इंजिन बंद करून ब्लॉकचे ड्रेन प्लग काढले. डावीकडून चांगली धार लागली, दोनेक लिटर तरी आलं असेल. उजवा प्लग काढला तर चार थेंब तांबूस पाणी, की संपलं. कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते अगदी शब्दशः!

प्रश्न दोन. उजवी बाजू रिकामी समजू का? आणि व्हिडिओंमध्ये दाखवतात तसं, बादलीतून गुलाबी अँटीफ्रीझ (थंडीत न गोठणारं द्रव) इंजिनला ओढायला लावलं आणि एक्झॉस्टमधून गुलाबी दिसलं, की झालं का?

प्रतिसाद १
अजिबात समजू नका. एक बाजू भरलेली आणि दुसरी आपोआप रिकामी, असं होत नाही. गंज आणि वाळू तळाशी बसून भोक बुजलंय. जाड तार घ्या आणि प्लगच्या भोकात खुपसून ढवळा. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि बिडाचा ब्लॉक तसूभरही हलत नाही, तो सरळ तडकतो. भेग आतल्या बाजूला पडली तर हिवाळाभर पत्ता लागत नाही. हंगामाच्या सुरुवातीला डिपस्टिकवर पाणी मिसळून दुधी झालेलं ऑइल दिसतं तेव्हा कळतं. ब्लॉकच्या भोकांवर ठोकलेल्या पत्र्याच्या चकत्या आधी निसटतात आणि ब्लॉक वाचतो, असं कुणी सांगेल. निसटल्या तर नशीब, भरवसा ठेवू नये.

प्रतिसाद २
वरच्याला +१. आता गुलाबीबद्दल. थंड इंजिनचा थर्मोस्टॅट (गरम झाल्यावरच उघडणारी पाण्याची झडप) बंद असतो. त्यामुळे तुम्ही पाजलेलं बरंचसं अँटीफ्रीझ ब्लॉकला वळसा घालून मॅनिफोल्डमधून थेट एक्झॉस्टला जातं. मागे गुलाबी धार दिसते, आपण खूश होतो, ब्लॉकमध्ये मात्र पाणी तसंच! शिवाय उरलेल्या पाण्यात मिसळून ते पातळ होतं, मग डब्यावरच्या तापमानाच्या आकड्याला अर्थ राहत नाही. म्हणून आधी पूर्ण निचरा, मग थर्मोस्टॅट हाउसिंगचा होज काढून वरून हाताने ओता. ड्रेनच्या भोकातून पातळ न झालेला गडद गुलाबी रंग आला की प्लग लावा.

डब्यावर प्रोपिलीन ग्लायकॉल लिहिलंय ना, तेवढं बघा. गाडीतलं नेहमीचं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, आणि पुढच्या हंगामात हे सगळं पाण्यातच जाणार आहे.

प्रतिसाद ३
थोडं अवांतर: बॅटरी पूर्ण चार्ज करून काढून ठेवा. उतरलेली बॅटरी परवाच्या थंडीतसुद्धा गोठू शकते, भरलेली नाही. आणि ड्राइव्हचं (बोटीचा पंखा फिरवणाऱ्या मागच्या गिअरच्या भागाचं) गिअर ऑइल पाहिलंत का?

धागाकर्ता – अपडेट
तार घातली तर ओल्या वाळूत काठी खुपसावी तसं लागलं. दोन मिनिटं खरवडल्यावर काळपट-तांबडा गाळ बाहेर आला आणि मग एकदम धार, बाही कोपरापर्यंत भिजली. डाव्या बाजूइतकंच पाणी निघालं. प्रतिसाद २ प्रमाणे अँटीफ्रीझ वरून ओतलंय, दोन्हीकडून गडद गुलाबी आलं.

पण गिअर ऑइल दुधाळ निघालं. पाणी आत येऊ न देणारं ड्राइव्हचं सील आत्ताच बदलू का?

प्रतिसाद ३
दुधाळ म्हणजे आत पाणी शिरलंय, तेही गोठून केसिंग फोडतं. आज सगळं ऑइल काढून नवीन भरा, खालच्या भोकातून, वरच्यातून बाहेर येईपर्यंत. बोट पाण्याबाहेर आहे, म्हणजे नव्याने पाणी शिरणार नाही. सील बोट पाण्यात उतरवायच्या आधी बदला, प्रेशर टेस्ट करून.

धागाकर्ता
ऑइल आणायला निघालोच. सील बदलायचंय अशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधून ठेवतो.