पॉमेरियनचे लिव्हर एन्झाइम वाढलेत, सोनोग्राफीपर्यंत खायला काय द्यावं?

प्रश्न (भुसावळ)
मादी, वय ६ वर्षं, वजन ४ किलो. खाणं निम्म्यावर आलंय, सकाळी पिवळी उलटी. लिव्हरचे एन्झाइम एएलटी ३१०, एएलपी ४२०, काविळीत वाढणारं बिलिरुबिन नॉर्मल. डॉक्टरांनी लिव्हरचं सिरप दिलं, सोनोग्राफी पुढच्या आठवड्यात जळगावला आहे. रोज दुधात कुस्करलेली मक्याची नाहीतर दादरची (ज्वारीची) भाकरी देतो. चिकन बंद करा असं सगळे सांगतात. करू का?

उत्तर १ (धुळे)
नका करू, भाऊ. लिव्हर म्हटलं की प्रोटीन तोडायचं, हा गैरसमज फार नुकसान करतो. दुरुस्तीला प्रोटीन लागतंच. ते कमी करायचं ते अमोनिया मेंदूवर चढल्याची लक्षणं असतील तरच, म्हणजे जेवणानंतर गुंगी, गोल फिरणं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहणं. तेव्हाही मटणाऐवजी पनीर-अंडं देतात, एकदम बंद करत नाहीत.

४ किलोला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी धरा: अर्धी वाटी मऊ भात, एक उकडलेलं अंडं, ४०-५० ग्रॅम बिनकातडीचं उकडलेलं चिकन. मीठ-तेल नाही. चार-पाच वेळा थोडं थोडं द्या; सकाळची पिवळी उलटी बऱ्याचदा रिकाम्या पोटी येते, म्हणून रात्री झोपताना दोन घास. कलेजी नको, तांबं जास्त असतं. हा आहार तात्पुरता, कायमचा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

उत्तर २ (रावेर)
मला खटकली ती मक्याची भाकरी. पावसात भिजलेल्या किंवा ओलसर पोत्यातल्या मक्यावर आणि शेंगदाण्यावर बुरशी धरते, तिचं अफलाटॉक्सिन नावाचं विष थेट लिव्हरवर जातं. तव्यावर भाजून ते नष्ट होत नाही आणि बुरशी दिसलीच पाहिजे असंही नाही. आजच मका, शेंगदाणे, पेंड बंद करा. थोडं पीठ डबीत ठेवा आणि डॉक्टरांना हे नक्की सांगा, त्यावर निदान फिरू शकतं.

भरीत, शेवभाजीचा रस्सा कधीच नको. कांदा-लसणाने लाल पेशी फुटतात, त्यानेही कावीळ दिसू शकते.

उत्तर ३ (नंदुरबार)
दोन गोष्टी डॉक्टरांना विचारा, ताई/दादा. खाजेसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा स्टेरॉइड असलेले कानाचे थेंब चालू होते का? कुत्र्यांत त्यानेही एएलपी चढतं. फिटची फेनोबार्बिटल गोळीही तेच करते. दुसरं, कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड होते का? असतील तर गोचिडांच्या तापासाठी प्लेटलेट आणि रक्ताची काचपट्टी (सूक्ष्मदर्शकाखाली) बघायला सांगा.

लिव्हर काम किती करतंय ते एन्झाइमवरून कळत नाही. त्यासाठी बाइल ॲसिडची रक्ततपासणी: १२ तास उपाशी एक नमुना, जेवणानंतर २ तासांनी दुसरा. सोनोग्राफीलाही उपाशी न्यावं लागतं, पण ती आधीच कमी खातेय, साखर उतरू शकते. म्हणून सकाळची पहिली वेळ मागा.

प्रश्नकर्ता
मका घरचाच होता, बंद केला. अंग गरम वाटलं तर क्रोसिन देऊ का?

उत्तर ३
अजिबात नाही. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन दोन्ही नको. डोळ्याचा पांढरा भाग, हिरड्या, कानाची आतली बाजू रोज उजेडात बघा. पिवळी दिसली, लघवी गडद नारिंगी झाली, शी काळी झाली किंवा दिवसभर काहीच खाल्लं नाही, तर सोनोग्राफीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी न्या. कावीळ दिसली तर लघवी पुसताना हातमोजे घाला, लेप्टो (लघवीतून पसरणारा जिवाणूंचा आजार) माणसालाही होतो.