मदत हवी आहे : पोरीला इन्स्टाग्राम कितव्या वर्षी? आणि पोराकडे आधीच आहे, त्याचं काय?

कपाशीचं_बोंड

नमस्कार मंडळी. इथे मी वाचते जास्त, लिहिते कमी. दारव्हा तालुक्यातलं छोटं गाव आहे आमचं. मी अंगणवाडी सेविका, ह्यांची कोरडवाहू शेती. सोयाबीन निघालं, कपाशीची वेचणी सुरू आहे. दिवसभर घरात मोठं माणूस म्हणजे एकटे मामाजी, म्हणजे माझे सासरे. तेही दुपारी पारावर.

लेकरं दोन. मोठा दहावीत, पंधरा वर्षांचा. धाकटी सातवीत, दिवाळीनंतर तिला १३ पूर्ण होतील. माझा फोन पोषण ट्रॅकरचा. गावच्या लेकरांची वजनं-उंच्या त्यात भरायच्या असतात म्हणून तो मी कोणाच्या हाती देत नाही. दुसरा ह्यांचा. तिसरा पोराचा, पुण्याच्या काकांनी नवा घेतल्यावर जुना त्याला दिला तो. त्यावर इन्स्टाग्राम कधी आलं, कोणी टाकून दिलं, घरात कोणीच विचारलं नाही.

आता पोरीला हवंय. मी म्हटलं, दहावी झाल्यावर पाहू. तर म्हणते, "दादाले तं आठवीतच भेटलं. त्याले कोणी इचारलं नाही. मलेच काऊन?" ह्यावर तिचे बाबा म्हणाले, "तो पोरगा हाय." झालं. चार दिवस बापाच्या ताटात भाकर वाढली नाही तिने. आणि तिचा प्रश्न मला काही खोडता येत नाही.

मधे एक प्रकार झाला, तो सांगते म्हणजे मी का लिहितेय ते कळेल. गल्लीतल्या पोरींनी ह्या वर्षी भुलाबाई अंगणवाडीच्या ओट्यावर मांडली होती. गाणी म्हणत टिपऱ्या खेळल्या. पोराने ते शूट करून स्वतःच्या खात्यावर रील टाकलं. बहिणीचं कौतुक म्हणूनच टाकलं, त्यात खोट नाही. खातं मात्र सगळ्या जगाला उघडं. आणि पोरींच्या मागे अंगणवाडीची भिंत. पिवळ्या रंगावर ठळक अक्षरांत अंगणवाडी क्रमांक, गाव, तालुका, जिल्हा. खाली आधी गावातल्यांचेच बदाम आणि "एक नंबर". मग कोणीतरी, "मधातली लाल परकरवाली कोन?" त्याखाली दुसरा, "गाव तं भितीवरच लिवलं हाये भाऊ." लाल परकरवाली म्हणजे आमचीच. एकाने पोराला मेसेज करून "तिची आयडी दे" असंही विचारलं. पोराने उत्तर दिलं नाही, पण घरीही सांगितलं नाही. शेजारच्या वहिनींच्या भाच्याने मला दाखवलं, तेव्हा मी ते काढायला लावलं.

मामाजींचं मत, दोघांचे फोन चुलीत घाला. ह्यांचं मत, पोरीला नको आणि पोराचं राहू द्या, त्याला दहावीचे व्हिडिओ पाहावे लागतात. (ते यूट्यूबवर असतात, इन्स्टाग्रामवर नाही, पण हे बोलून कोण वाद वाढवणार.) माझं डोकं वेगळ्याच जागी अडकलंय. पोरीचं खातं नव्हतं, फोन नव्हता, वय बसत नव्हतं, तरी ती तिथे पोचलीच ना? मग वयाची अट घालायची ती कोणाला?

पुढच्या जूनअखेर तिची आठवी तालुक्याच्या शाळेत. मानव विकासच्या, म्हणजे शाळकरी पोरींसाठीच्या सरकारी बसने येणं-जाणं. बस चुकली की जवळ फोन नसून भागणार नाही, म्हणजे हा विषय टाळताही येत नाही.

तुमच्याकडे वय ठरवलं असेल तर कशावरून ठरवलंत? पोरगा-पोरगी दोघांना एकच ठेवलंत का? एकदा दिलेलं कोणी परत घेतलंय का? आणि एक विनंती, "संस्कार चांगले असले की काही होत नाही" हे लिहू नका. ते आमच्या घरात रोज ऐकायला मिळतं.

तूर_सोले

फोन फोडा, विषय संपवा. तुमचे मामाजी बरोबर आहेत.

निवृत्त_मास्तर

ताई, १३ हा आकडा कुठून आला ते आधी पाहा. तो कोण्या बालरोगतज्ज्ञाने काढलेला नाही. अमेरिकेत १९९८ साली कायदा झाला की १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करायची नाही. कंपन्यांनी ती कटकट टाळायला सरळ १३ची अट लावली आणि तीच जगभर फिरली. म्हणून १३ पूर्ण झाले म्हणजे पोरगी तयार झाली, असा त्याचा अर्थ होत नाही. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य आरोग्य सल्लागार डॉक्टर, विवेक मूर्ती यांनीच २०२३ मध्ये १३ हे वय फार लवकरचं आहे, असं म्हटलं होतं.

आपल्याकडे २०२३चा डेटा संरक्षण कायदा १८च्या आतल्या सगळ्यांना मूलच धरतो आणि पालकांची पडताळलेली संमती मागतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण ही तरतूद लागू करायला १८ महिन्यांची मुदत दिली आहे. तेव्हा कायद्याच्या भरवशावर बसू नका.

आणि तुमची पोरगी जे विचारते ना, ते 'असर' ह्या ग्रामीण शिक्षणाच्या २०२३च्या पाहणीतही दिसतं. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. घरोघरी हेच. पोराला न विचारता, पोरीला विचारूनही नाही. मी असतो तर दोघांना १६ सांगितलं असतं.

वर्धेची_लेक

मास्तर, १६ म्हणायला सोपं. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६च्या आतल्यांची खाती बंद केली, पण तिथे जबाबदारी कंपन्यांवर आहे. नाही पाळलं तर ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड, आई-बापाला किंवा पोराला काही नाही. इथे सगळं त्या माउलीच्या डोक्यावर येणार.

पुसदकर

आमच्या पुसद तालुक्यात बान्सी ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये १८च्या आतल्या मुलांना मोबाईल बंदीचा ठराव केला होता, पेपरात गाजला होता. ठरावाचा मला एक फायदा दिसतो. एकट्या घराने नाही म्हटलं की पोर म्हणते सगळ्यांकडे आहे, मलाच नाही. सगळ्या गल्लीने मिळून म्हटलं तर ते म्हणायला जागा राहत नाही. तुम्ही अंगणवाडी सेविका आहात, सगळ्या बाया तुमच्याकडे येतात. त्या रीलमधल्या बाकीच्या पोरींच्या आयांना हे माहीत आहे का?

रामटेकची_पाटलीण

बोंडताई, मी स्वतः २२ वर्षांची आहे, म्हणजे दोन्ही बाजू पाहिल्यात. पोरीचं नंतर, आधी पोराच्या खात्यात त्याची जन्मतारीख काय टाकली आहे ते बघा. इन्स्टाग्रामने १८च्या आतल्यांसाठी 'टीन अकाउंट' आणलंय, भारतात फेब्रुवारी २०२५ पासून. त्यात १६च्या आतल्यांची खाती आपोआप खाजगी होतात, अनोळखी माणसाचा मेसेज येत नाही, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद, तासाभराने थांबायची आठवण. ह्यातलं काही सैल करायचं तर आई-बापाची परवानगी लागते. पण वय खोटं टाकलं असेल तर तो त्यांच्या हिशोबी मोठा माणूस, म्हणजे ह्यातलं काहीच मिळणार नाही.

पोरीला जूनपासून साधा बटणाचा फोन द्या. बस चुकल्याचं सांगायला तेवढा पुरतो. फोन कधी द्यायचा आणि इन्स्टा कधी द्यायचं ह्या दोन गोष्टी लोक एकातच कालवतात.

आणखी एक, असे मेसेज आले की रागाच्या भरात लगेच उडवू नका. आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक. पुढे वाढलंच तर सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करता येते, मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे.

तूर_सोले

स्क्रीनशॉटचं पटलं. फोन फोडायच्या आधी काढा.

कपाशीचं_बोंड

सगळ्यांचे आभार. पाटलीणबाई, तुमचा अंदाज खरा निघाला. पोराने जन्मतारीख १ जानेवारी २००० टाकली होती. का म्हटलं तर, "आमच्या वर्गात सगळे २००० च टाकतात, खाली सरकवायले सोपं जाते." म्हणजे इन्स्टाग्रामच्या दृष्टीने आमच्या तालुक्यातली अख्खी दहावी पंचविशी ओलांडलेली आहे.

खरी तारीख टाकून घेतली. खातं खाजगी झालं. दोघं एकत्र बसून जुनी रीलं पाहिली, ज्यांत दुसऱ्याची पोरगी किंवा भिंतीवरचं गाव दिसत होतं ती काढली. घरात नियम एवढाच केला की कोणाचंही टाकायचं तर आधी त्याला विचारायचं, आणि हा नियम काकांना आणि मलाही. माझ्या स्टेटसवर पोषण महिन्याच्या फोटोत लेकरं असतात, तेव्हा मला लागू नाही असं कसं म्हणू?

पुसदकर, बाकीच्या आयांना माहीत नव्हतं. गेल्या आठवड्यात लसीकरणाच्या दिवशी सांगितलं. दोघी घाबरल्या, एक म्हणाली तिच्या पोरीचं दुसऱ्याच नावाने खातं आहे आणि तिला ते चालतं. सगळ्या गल्लीचं एक वय ठरेल असं काही दिसत नाही.

पोरीला १६ सांगितलं, मास्तर. पोराला तोवर टीन अकाउंट आणि वर माझी देखरेख. "दादाचं काढून नाही घेतलं ना?" असं म्हणालीच ती. बरोबरीचा न्याय झाला असं मीही म्हणत नाही. पण "तो पोरगा हाय" हे उत्तर घरात आता चालणार नाही, एवढं ह्यांना सांगून झालंय. ऐकलं, हूं म्हणाले आणि वावरात गेले.

आता एक अडचण. इन्स्टाग्रामवरच्या देखरेखीच्या सोयीसाठी माझंही खातं लागतं म्हणतात. पोरगा कबूल आहे, मेसेज वाचता येत नाहीत, कोणाशी बोलतो एवढंच दिसतं, हे त्याने आधीच शोधून ठेवलंय. पण त्याची अट अशी की आईने त्याला फॉलो करायचं नाही, मित्र हसतात. फॉलो न करता देखरेख लावता येते का? कोणी लावली असेल तर सांगा, पोरगा उत्तराची वाट पाहत बाजूलाच उभा आहे.