मुलाखतीत आजार सांगायचा की नाही? महाप्याच्या एचआर साहेबांना उत्तर

रबाळे_क्यूसी
काल महाप्याच्या एचआर साहेबांनी इथे लिहिलं, "दुर्मीळ आजार असेल तर मुलाखतीतच सांगा, लपवणं म्हणजे कंपनीची फसवणूक. खरं तर अशांनी घरून होईल असंच काम बघावं." वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मला ग्लायकोजन स्टोरेज हा आजार आहे, टाइप वन ए. लिव्हरमध्ये साठलेली साखर अंगाला वापरता येत नाही. तीन-चार तास पोट रिकामं राहिलं की साखर कोसळते. उपाय म्हणजे कच्चं कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून पिणं. 1984 पासून तेच चालत आलंय. गरम पाणी चालत नाही, शिजलं की ते झटकन पचतं आणि पुढचे तास निभावत नाहीत. दिवसा शेकर, रात्री गजर. एवढं सांभाळलं की मी लॅबमध्ये इतरांसारखाच उभा असतो.

पहिल्या कंपनीत मी साहेबांच्या सल्ल्याप्रमाणेच वागलो. शेवटच्या फेरीत सगळं सांगितलं. सगळे गोड बोलले, मेडिकलची तारीखही दिली. ऑफर लेटर आलं नाही. दुसरीकडे गप्प बसलो आणि नोकरी लागली. पण लॅबमध्ये खाणंपिणं बंद, बॅग लॉकरमध्ये, बाहेर पडायचं तर गाऊन उतरवा, परत घाला. मी किती वेळा बाहेर जातो याची नोंद सुपरवायझर ठेवू लागला. शेवटी त्याला सांगितलं, तर पुढच्याच आठवड्यात मला डॉक्युमेंटेशनच्या टेबलावर बसवलं. "तुझ्याच काळजीपोटी," म्हणाले. मशिनवर काम करायची सवय सुटली की क्यूसीत, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात, पुढची पायरी मिळत नाही, हे नवी मुंबईच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात कोणालाही विचारा.

साहेब, सांगा म्हणता ना? मग सांगितल्यावर त्या माहितीचं तुम्ही काय करणार, ते आधी लिहून द्या.

एचआर_महापे
माझ्यावर धागा काढलात म्हणून उत्तर देणं भाग आहे. उद्या तुम्ही सॉल्व्हंटची बाटली हातात असताना चक्कर येऊन पडलात, तर फॅक्टरी इन्स्पेक्टर तुम्हाला नाही, मला विचारणार. शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या अंगावर ते उडालं तर? तिला माहीत असायचा हक्क नाही? तुम्ही फक्त स्वतःच्या बाजूने लिहिलंय. आमच्याकडे एक मुलगा फिट येऊन पडला होता, त्याने काही सांगितलं नव्हतं. त्याची आई गेटवर येऊन रडली ते मी बघितलंय.

रबाळे_क्यूसी
त्या मुलाचं वाईटच झालं. पण तो का बोलला नाही, याचा विचार केलात का?

कोपरखैरणे_आई
माझ्या मुलीला पीकेयू आहे, म्हणजे प्रथिनांतला एक घटक तिच्या शरीराला पचवता येत नाही. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. डाळ, दूध, पनीर, अंडं काही नाही, जन्मापासून तो घटक नसलेल्या खास पावडरीवर, फॉर्म्युल्यावर वाढवलीय. डबा उघडला की मैत्रिणी विचारतात, डाएट करतेस का? आता कॅम्पस सुरू होणार. नवरा म्हणतो सांगू नको, मी म्हणते सांग. एचआर साहेब, "घरून काम करा" असं तुम्ही किती सहज लिहिलंत! वीस-बावीस वर्षं मोजूनमापून वाढवली ती घरात बसवायला नाही.

ऐरोली_पॉम्पे
ताई, मीही सांगा याच मताचा. मला पॉम्पे आहे, स्नायू कमजोर करणारा दुर्मीळ आजार. दर पंधरा दिवसांनी इन्फ्युजन, म्हणजे शिरेतून औषध, तो दिवस जातोच, लपवणार कसा? बॉसला सांगितलं, त्याने शनिवार जुळवून दिला. सगळे वाईट नसतात. माझी काळजी वेगळी आहे. डोस वजनावर ठरतो. दुर्मीळ आजारांसाठीच्या 2021 च्या सरकारी धोरणात मदतीची मर्यादा पुढे 50 लाख झाली, पण मोठ्या माणसाच्या डोसला ती फार पुरत नाही. ती संपली की नोकरीचं काय घेऊन बसलात.

रोजचा त्रास म्हणाल तर नोकरीपेक्षा प्रवासाचा. मांड्यांत ताकद नाही. ठाण्याला नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर पनवेल लोकल पकडताना दिव्यांगांच्या डब्यात चढलो, तर लोकांनी आरडाओरडा करून उतरवलं.

कळव्याचा_काका
उतरवतीलच. मला पोलिओ आहे, पायाला कॅलिपर लावून चाळीस वर्षं त्या डब्यात चढतोय. अर्धा डबा धडधाकट लोकांनी भरलेला असतो. वर्दीवाले, स्टाफवाले, "पुढच्या स्टेशनला उतरतो"वाले. आता त्यात आजार सांगणारे आले. दिव्यांगाचं कार्ड दाखवा आणि बसा, नसेल तर जनरल मोकळा आहे.

ऐरोली_पॉम्पे
कार्ड आहे माझ्याकडे! दाखवायच्या आत हात धरून खाली ओढलं. तुम्हाला माझ्या पायात काय आहे ते दिसत नाही म्हणून मी खोटा?

कळव्याचा_काका
आवाज चढवू नका. मी तुम्हाला ओढलं नाही. मी पडलो तेव्हा मलाही कोणी उचललं नव्हतं.

विटावा_नाका
काका, कॅन्सरचे रुग्ण आणि गरोदर बायकाही त्या डब्यात कायदेशीर बसतात. माझी बायको सातव्या महिन्यात होती आणि तिला एकाने "दिसत तर नाही" म्हणून उठायला लावलं. तुमच्यासारखेच बोलले होते ते.

कळव्याचा_काका
तुमच्या बायकोला उठवणारा हलकट होता. पण मला त्याच्या रांगेत बसवू नका. आमचा तेवढा एक डबा आहे. वर्दीवाल्यांना उठवा ना, तिथे कोणाची जीभ उचलत नाही.

ऐरोली_पॉम्पे
हे मात्र बरोबर बोललात. पुढच्या वेळी मी चढेन तेव्हा तुम्ही तरी माझ्या बाजूने बोला.

कळव्याचा_काका
कार्ड गळ्यात अडकवा. बोलेन.

रबाळे_क्यूसी
डब्यावरून मूळ मुद्दा बाजूला पडला, पण गाठ एकच आहे. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल आले, ते योग्यच. माझा आजार नाही. ऐरोलीकरांचे स्नायू तपासून दिव्यांगत्वाचे टक्के देता येतात, माझं लिव्हर कुठल्या टक्क्यात मोजणार? म्हणजे दिव्यांग म्हणून संरक्षण नाही, आणि धडधाकट म्हणून नोकरीही नाही.

एचआर_महापे
कायदा मी केलेला नाही. तरी विचारतो, नेमकं काय हवंय तुम्हाला?

रबाळे_क्यूसी
दहा मिनिटं, ठरलेल्या वेळी, पाळीत दोनदा. आणि लॅबच्या बाहेर शेकर ठेवायला एक खण.

एचआर_महापे
एवढंच असेल तर देता येईल, विड्या ओढायला लोक याहून जास्त वेळ बाहेर असतात. डॉक्टरांच्या पत्रात वेळा लिहून आणा, आजाराचं नाव मला नको. मात्र ते पत्र रुजू होताना द्यायचं, नंतर नाही. आणि रात्रपाळी मी देणार नाही, ते ठरलं.

कोपरखैरणे_आई
"रुजू होताना", म्हणजे ऑफर हातात आल्यावर. साहेब, काल तुम्ही मुलाखतीत म्हणाला होतात. हे मी लेकीला दाखवते.

एचआर_महापे
दाखवा. सगळ्या कंपन्या माझं ऐकतात असं समजू नका.

रबाळे_क्यूसी
रात्रपाळी दिली नाहीत तर शिफ्ट इनचार्ज होता येत नाही, म्हणजे पुन्हा तेच टेबल. रात्री दोन वाजता गजर लावून मी तसाही उठतो, सगळं गाव झोपलेलं असतं तेव्हा. त्या वेळी मला मशिनवर उभं करायला हरकत काय?

एचआर_महापे
एकट्याला नाही सोडणार. दोघं असतील त्या पाळीचा विचार करता येईल. करेनच असं म्हणत नाही.